ताळेबंदात न दिसणारा खर्च
व्यवसाय प्रशासनाच्या अभ्यासक्रमात पर्यावरण-प्रश्नाची पाहणी कशी करावी

व्यवसाय प्रशासनाच्या विद्यार्थ्यास हिशेब, उत्पादन, विक्री, वित्तपुरवठा आणि कामगार-व्यवस्थापन हे विषय शिकविले जातात. कारखान्याच्या फाटकाच्या आत जे घडते, ते त्यास नीट वाचता येते. फाटकाबाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचे पुढे काय होते, हे मात्र कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत सापडत नाही. पर्यावरणाचा अभ्यास व्यवस्थापन-शिक्षणात हवा, तो नेमका याच कारणासाठी.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण-शिक्षणाविषयी निर्देश दिले व २००३ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमासाठी सहा महिन्यांचा पाठ्यक्रम आखला आणि त्यात प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचा समावेश केला. असे असले तरी, "प्रदूषण घातक आहे, झाडे लावावीत" एवढ्यावरच आटोपणाऱ्या अहवालातून विद्यार्थ्याच्या किंवा गावाच्या हाती काही लागत नाही. यास्तव प्रस्तुत लेखात आपल्या राज्यातील एक परिचित उदाहरण घेऊन पाहणीची पद्धत मांडली आहे.

उदाहरणाची निवड

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांचे परिश्रम व धनंजयराव गाडगीळ यांचे अर्थशास्त्रीय मार्गदर्शन त्यामागे होते. पुढे राज्यात अशा कारखान्यांचे जाळे पसरले व अनेक ठिकाणी त्यांना जोडून मद्यार्क-निर्मितीचे प्रकल्प उभे राहिले. एक टन ऊस गाळला असता साखरेबरोबरच सुमारे ४० ते ४५ किलो मळी निघते. ही मळी आंबवून तिचे ऊर्ध्वपातन केले म्हणजे मद्यार्क मिळतो आणि मागे गडद तपकिरी, आम्लधर्मी व उष्ण असा द्रव उरतो. त्यास स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो.

पहिली पायरी : प्रश्न नेमका करणे

"नदीचे प्रदूषण" हा अभ्यासविषय होऊ शकत नाही. तो फार मोठा आहे. "गळीत हंगामात अमुक ओढ्याकाठच्या विहिरींच्या पाण्यात कोणता बदल होतो, तो कशामुळे होतो आणि त्याचा खर्च कोण सोसतो?" असा प्रश्न हाती घेतला तर पाहणीस दिशा मिळते. कोणते पुरावे गोळा करावयाचे, कोणास भेटावयाचे व किती दिवस लागतील, हे त्यावरून ठरविता येते.

दुसरी पायरी : मोजमाप

सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरला जातो. या मागणीच्या मापास बी.ओ.डी. म्हणतात. प्रक्रिया न केलेल्या स्पेंटवॉशचा बी.ओ.डी. दर लिटरला सुमारे ४०,००० ते ६०,००० मिलिग्रॅम असतो.

समजा, एका प्रकल्पात रोज ३०,००० लिटर मद्यार्क तयार होतो. हे उदाहरण केवळ हिशेबासाठी घेतले आहे. लिटरमागे १२ लिटर धरल्यास रोज ३,६०,००० लिटर स्पेंटवॉश निघेल. त्याचा बी.ओ.डी. दर लिटरला ४५,००० मिलिग्रॅम, म्हणजे ४५ ग्रॅम धरला तर एकूण भार दिवसाला १६,२०० किलो होतो. एका माणसाच्या रोजच्या घरगुती सांडपाण्याचा भारही ४५ ग्रॅमच्या आसपास धरण्याची पद्धत आहे. म्हणजे या एका प्रकल्पाचा सेंद्रिय भार साडेतीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहराएवढा झाला.

दुसरा हिशेब ओढ्याचा. स्वच्छ पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. त्यामुळे एक लिटर कच्चा स्पेंटवॉश साडेपाच हजार लिटर स्वच्छ पाण्यातील प्राणवायू संपविण्यास पुरेसा आहे. गळीत हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो व उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. नेमका याच काळात ओढ्यांचे पाणी आटत जाते, ही गोष्ट पाहणीत अवश्य नोंदवावी.

नमुने घेताना प्रकल्पाच्या वरच्या अंगाचे, सांडपाणी मिळते त्या ठिकाणचे व खालच्या अंगाचे असे किमान तीन नमुने घ्यावेत. तसेच हंगामात व हंगामाबाहेरही घ्यावेत. वरच्या अंगाचा नमुना नसेल, तर बिघाड कोठून आला हे सांगता येणार नाही. विरघळलेल्या प्राणवायूची चाचणी जागेवरच करावी किंवा नमुना तेथेच रसायन घालून स्थिर करावा. बी.ओ.डी.चा नमुना बर्फात ठेवून शक्य तो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. केवळ रंग व वास यांवरून निष्कर्ष काढू नये.

विद्यार्थ्याचे नमुने अभ्यासापुरते असतात, याचेही भान असावे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मधील कलम २१ नुसार न्यायालयीन पुराव्यासाठी नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे व तो अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे. प्रकल्पास मंडळाने दिलेल्या संमतीपत्रातील अटी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मंडळाकडे मागता येतात. अट व वस्तुस्थिती शेजारी शेजारी मांडणे हा पाहणीचा महत्त्वाचा भाग होय.

तिसरी पायरी : टक्केवारीची परीक्षा

"आमच्या संयंत्रात ९० टक्के शुद्धीकरण होते," असे उत्तर मिळाले तर ते खोटे असेलच असे नाही. स्पेंटवॉशपासून जैववायू तयार करण्याच्या प्रक्रियेत बी.ओ.डी. ८५ ते ९० टक्के कमी होतो. तथापि ४५,००० मधून ९० टक्के वजा केले तरी ४,५०० उरतात. जलप्रवाहात सोडावयाच्या पाण्यासाठी मर्यादा ३० ची आहे. म्हणजे उरलेले पाणीही मर्यादेच्या दीडशेपट आहे. म्हणूनच २००३ मध्ये १७ प्रदूषणकारी उद्योगांसाठी केंद्राने जी सनद तयार केली, तीत मद्यार्क प्रकल्पांनी स्पेंटवॉश बाहेर न सोडता त्याचा पूर्ण विनियोग करावा, अशी दिशा ठरली. व्यवस्थापकास टक्केवारी ऐकावयाची सवय असते. उरलेली संख्या विचारावयाची सवय त्यास या अभ्यासाने लागावी.

चौथी पायरी : दुसरा ताळेबंद

इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये खाजगी खर्च व सामाजिक खर्च यांतील तफावत विस्ताराने मांडली. प्रक्रिया न करता पाणी सोडले, तर कारखान्याचा खर्च वाचल्यासारखा दिसतो. वास्तविक तो वाचत नाही. दुसऱ्याच्या नावे पडतो. कोणास नवी विहीर किंवा कूपनलिका घ्यावी लागते, ग्रामपंचायतीस टँकर मागवावा लागतो, मासेमाराचे जाळे रिकामे येते, जनावरे पाण्यास तोंड लावीत नाहीत. या प्रत्येक बाबीची रक्कम घरोघर विचारून, पावती असल्यास ती पाहून नोंदवावी. ज्या हानीचे मोल रुपयांत करता येत नाही, तिचे वर्णन करावे. आकडा बनवून घालू नये.

सहकारी कारखान्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसेल. ऊस घालणारा सभासद आणि काळवंडलेल्या विहिरीचा मालक हा पुष्कळदा एकच मनुष्य असतो. उसाच्या भावात टनामागे मिळालेले चार रुपये त्यास दिसतात. विहिरीपायी गेलेले रुपये तो नशिबाच्या खात्यावर टाकतो. त्याच गावातील भूमिहीन मजुराच्या वाट्यास मात्र भाव नाही, लाभांश नाही. केवळ पाणी येते. लाभ कोणास व भार कोणावर, याचे दोन रकान्यांचे कोष्टक हाच अहवालाचा गाभा होय.

पाचवी पायरी : पर्यायांची तुलना

दोष दाखवून थांबणे व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यास शोभत नाही. एक घनमीटर स्पेंटवॉशपासून सुमारे २५ ते ३५ घनमीटर जैववायू मिळू शकतो व तो बाष्पकासाठी इंधन म्हणून वापरता येतो. प्रक्रियेनंतरचे पाणी कारखान्याच्याच प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट खत करता येते. मात्र त्यासाठी पक्के आवार हवे व पावसाळ्यात हे काम बंद ठेवावे लागते. स्पेंटवॉश आटवून जाळल्यास राखेत पालाश उरते. मळीपासून मिळणाऱ्या अशा पालाश-खतास २०२१ मध्ये केंद्राच्या अनुदान योजनेत स्थान मिळाले. प्रत्येक पर्यायाचे भांडवल, चालू खर्च, उत्पन्न व उरणारे प्रदूषण यांची तुलना करावी. कारखान्याची बाजूही तेथील अधिकाऱ्यांना भेटून, त्यांच्या अनुमतीने, प्रामाणिकपणे नोंदवावी.

समारोप

१९७६ च्या घटनादुरुस्तीने नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. ज्याने प्रदूषण केले त्यानेच त्याचा खर्च द्यावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मधील निकालांत मान्य केले. ही तत्त्वे गावात उतरावयाची तर कोणीतरी हिशेब मांडावयास हवा. यास्तव प्राध्यापकांनी अशा अहवालाची एक प्रत महाविद्यालयाच्या कपाटात ठेवावी व दुसरी ग्रामसभेपुढे वाचण्याची व्यवस्था करावी. सरपंच व सदस्यांनी ती कारखान्याच्या वार्षिक सभेपूर्वी वाचून घ्यावी. त्या सभेत ताळेबंद मंजुरीसाठी मांडला जातो. त्या वेळी एखादा सभासद उभा राहून, "यात आमच्या विहिरींचा खर्च कोठे धरला आहे?" असे विचारू शकला, तर विद्यार्थ्याचा अभ्यास सार्थकी लागला असे समजावे.