ऑनलाइन पदवी की प्रत्यक्ष वर्ग?

नोकरी वा शेती सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. दूरशिक्षणाच्या या वाटेला आता ऑनलाइन अभ्यासक्रमांची जोड मिळाली आहे. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही प्रत्यक्ष वर्गांतील पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तथापि, आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या आदी शाखांच्या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत.

प्रवेशापूर्वी त्या अभ्यासक्रमास त्या सत्रासाठी आयोगाची मान्यता आहे काय, हे अवश्य पाहावे. अन्यथा शुल्क व वर्षे दोन्ही वाया जातात. घरी अभ्यासास नियमित वेळ व इंटरनेट नसल्यास जवळचे महाविद्यालयच हितकर. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती बारावी उत्तीर्ण मुलामुलींपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.