शंख कापल्यावर कळते कुळ

नीरा आणि भीमा यांच्या काठच्या विद्यार्थ्यांना शंख नवे नाहीत. इंदापूर तालुक्यात उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे सरले, की चिखलावर गोगलगाईंचे रिकामे शंख दिसू लागतात. त्यांत एखादा लांबट, टोकदार, स्क्रूसारखा असतो. नेरिनिआ या समुद्री गोगलगाईच्या जीवाश्माचे चित्रही असेच दिसते. तेव्हा कोणी वहीत लिहिले, ‘बारामती-इंदापूर येथे पूर्वी समुद्र होता,’ तर ते बरोबर ठरेल काय?

नेरिनिआचे कुळ आज नामशेष झाले आहे. जुरासिक व क्रिटेशस काळांतील उथळ, उबदार समुद्रांत ते भरभराटीला आले आणि सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशसच्या अखेरीपर्यंत, संपले. जर्मन शास्त्रज्ञ झिटेल यांनी 1873 मध्ये या कुळाला नाव दिले. प्राणी तर उरला नाही; मग कुळ ओळखायचे कशावरून? केवळ शंखावरून!

बाहेरचा आकार येथे फसवा असतो. उंच, निमुळता शंख अनेक कुळांत आढळतो. म्हणून शास्त्रज्ञ शंख टोकापासून तोंडापर्यंत उभा कापतात व पुढील गोष्टी पाहतात :

1. घड्या : मधल्या कण्यावर, वेढ्याच्या छतावर आणि बाहेरच्या भिंतीवर कंगोरे आहेत काय? असल्यास किती?
2. घड्यांचा आकार : नेरिनिआत त्या साध्या असतात, प्टिग्मॅटिस या प्रजातीत घड्यांनाही फाटे फुटतात.
3. शिवणीजवळची खूण : शंखाच्या बाह्य ओठाला शिवणीलगत एक खाच असते. शंख वाढताना ती बुजत जाते व तिची बारीक पट्टी मागे उरते.

तिसरी गोष्ट कशासाठी? कारण अॅप्टिक्सिएला या प्रजातीत घड्या अगदी क्षीण असतात किंवा नसतातच. एकाच लक्षणावर विसंबले, तर ती कुळाबाहेर पडेल. वर्गीकरणात अनेक लक्षणांची साक्ष काढावी लागते, ती यासाठी.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. बारामती-इंदापूरचा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. नागपूरजवळ टाकळी येथे लाव्हाच्या थरांमधील गाळात फायसा या नावाने प्रसिद्ध झालेले शंख मिळाले. तेही गोड्या पाण्यातले. नदीकाठचा गाळ तर या पाषाणावर पुष्कळ नंतर साचला. तोवर नेरिनिआ केव्हाच लोपली होती! क्रिटेशस समुद्रातील शंख पाहायचे, तर तमिळनाडूतील अरियलूरकडे जावे लागते. तेथील परिसरातील शंखांचे सविस्तर वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील स्टोलिच्का यांनी 1867-68 मध्ये प्रसिद्ध केले.

मग आपला लांबट शंख कोणाचा? बहुधा मेलॅनॉइडिस या गोड्या पाण्यातील गोगलगाईचा. खात्री करून घ्या. रिकामा शंख कुरुंदाच्या दगडावर, पाणी घालीत, आडवा धरून घासा. कोरडा घासू नका. भुकटी नाकात जाते. निम्मा झिजला की धुऊन भिंगातून पाहा. मधला कणा गुळगुळीत दिसेल. घडी एकही नाही. आकृती काढा आणि वहीतले ते वाक्य स्वतःच खोडा. पुराव्यावरून आपले मत बदलणे हाही विज्ञानाचा एक धडाच आहे.