पकलोमट्टम घराणं खरंच इतकं जुनं?

प्रश्न : माझे केरळचे सहकारी सांगतात, त्यांच्या पकलोमट्टम घराण्याला खुद्द संत थॉमसने इ.स. 52 मध्ये बाप्तिस्मा दिला. एखाद्या घराण्याची मुळं इतकी मागे जातात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती समाजाची फार जिवाभावाची कथा आहे. थॉमसने पालयूरला काही नंबुद्री ब्राह्मण कुटुंबांना दीक्षा दिली, आणि त्यांतलं पकलोमट्टम घराणं पुढे कुरविलंगाडला येऊन स्थिरावलं, असं परंपरा सांगते.

गाडी अडते ती ‘नंबुद्री’ या शब्दापाशी. नंबुद्रींची गावं सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास वसली, असं बहुतेक इतिहासकार मानतात. पहिल्या शतकात ते तिथं होते याला पुरावा नाही. नंबुद्री स्वतः आपलं मूळ परशुरामाने समुद्र हटवून मिळवलेल्या भूमीशी जोडतात. कोकणातल्या वाचकांना ती कथा वेगळी सांगायला नको. ब्राह्मण मूळ सांगणाऱ्याला तिथल्या समाजात मान होता, हेही विसरू नये. कोल्लमच्या 849च्या ताम्रपटात ख्रिस्ती लोकांना दिलेले हक्क नोंदले आहेत, या घराण्याचं नाव मात्र नाही.

म्हणून घराणं खोटं ठरत नाही. मला तर दीक्षेच्या कथेपेक्षा त्यांच्याकडे चालत आलेलं पद जास्त मोलाचं वाटतं. ते म्हणजे अर्कदियाकोन. बिशप मेसोपोटेमियाहून यायचे, त्यांना मल्याळम कुठून येणार? त्यामुळे समाजाचा खरा कारभार या स्थानिक प्रमुखाच्या हाती असे. तो अविवाहित, म्हणून पद मुलाकडे न जाता पुतण्याकडे किंवा भाच्याकडे जाई. पोर्तुगीज आल्यावर या माणसांची नावं कागदावर ठळक दिसू लागतात.

1599 मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवून हा सगळा समाज रोमच्या शिस्तीत ओढला. अर्कदियाकोन गीवर्गीसला तेव्हा नमतं घ्यावं लागलं. त्याच्यानंतर आलेला थोमा नमला नाही. 3 जानेवारी 1653 रोजी मट्टांचेरीला लोकांनी क्रुसाला हात लावून रोमच्या जेझुइट पाद्र्यांना न जुमानण्याची शपथ घेतली. सगळ्यांचे हात क्रुसाला पोचेनात, म्हणून त्याला दोर बांधून ते धरले, आणि त्या ओढीने क्रूस वाकला, अशी आठवण सांगतात. शपथेचं नाव त्यावरूनच पडलं : कूनन कुरिशु, वाकडा क्रूस. त्याच वर्षी आलंगाडला बारा पाद्र्यांनी डोक्यावर हात ठेवून थोमाला बिशप केलं.

दहा वर्षांनी डचांनी कोची जिंकली आणि परदेशी कॅथलिक धर्मगुरूंना निघून जायला सांगितलं. जाण्यापूर्वी त्यांनी कडुतुरुत्तीला रोमच्या बाजूने स्थानिक बिशप नेमला. तो होता कुरविलंगाडचा परंबिल चांडी, थोमाच्याच नात्यातला. थोमाच्या बाजूची गादी 19व्या शतकाच्या आरंभापर्यंत पकलोमट्टमकडेच राहिली.