विस्तारित पल्ल्याचे अंदाज आणि तापमानातील नियमित चूक

जबलपूर हे शहर नर्मदेच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर वसले आहे. या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हाचा दाणा भरत असतो. त्या दिवसांत उष्णता अवेळी वाढली, तर दाणा बारीक राहतो. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च भारतात सर्वांत उष्ण ठरला व गव्हाला त्याची झळ पोहोचली. अशा वेळी दोन-तीन आठवडे आधी इशारा मिळाला, तर पाण्याच्या पाळीचे नियोजन करता येते. याकरिता पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीच्या आधारे भारतीय हवामानशास्त्र विभाग दर आठवड्याला पुढील चार आठवड्यांचा अंदाज देतो.

संगणकातील प्रतिमान पृथ्वीचा पृष्ठभाग चौकोनांत विभागते. एका चौकोनातील दरी आणि डोंगर यांची मिळून एकच सरासरी उंची धरली जाते. हवेचे तापमान दर किलोमीटर उंचीला साधारण ६.५ अंशांनी उतरते. म्हणून चौकोनाची उंची शहरापेक्षा २०० मीटरने अधिक असेल, तर एवढ्यानेच सुमारे १.३ अंशांचा फरक पडतो. प्रतिमानातील माती वास्तवापेक्षा ओली असेल, तर दुपारही थंड भासते. ही चूक वारंवार एकाच दिशेने होते. म्हणूनच ती मोजता येते.

त्यासाठी मागील अनेक वर्षांचे अंदाज त्याच प्रतिमानाकडून नव्याने काढून घेतात व वेधशाळेच्या नोंदींशी ताडून पाहतात. समजा, मार्चमधील एका आठवड्याची प्रतिमानाची सरासरी ३१ अंश आणि नोंदींची ३३ अंश आहे. यंदाचा अंदाज ३२.५ अंश आला. तो तसाच नोंदींशी ताडला, तर आठवडा सरासरीहून अर्ध्या अंशाने थंड वाटेल. परंतु २ अंशांची नियमित चूक भरून काढली, की ३४.५ अंश हा आकडा मिळतो. म्हणजे आठवडा दीड अंशाने उष्ण ठरतो. इशाऱ्याचा अर्थच उलटतो!

पल्ला वाढतो तसे प्रतिमान स्वतःच्या हवामानाकडे सरकत जाते. त्यामुळे पहिल्या आठवड्याची दुरुस्ती तिसऱ्याला लावून चालत नाही. दुरुस्तीची कसोटीही तिच्या गणितात न घेतलेल्या वर्षांवरच घ्यावी लागते. शिवाय कधी या बाजूला, तर कधी त्या बाजूला होणारी अनियमित चूक या उपायाने जात नाही. म्हणून दुरुस्त केलेला अंदाजही शक्यतेच्या भाषेतच वाचला पाहिजे.