नोकरीबरोबर मेडिक्लेमही जातो

मार्चअखेरीस माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीने अख्खा विभागच बंद केला. पगार थांबणार म्हणून घरखर्चाला कात्री लावली होती. मेडिक्लेमची चिंता नव्हती, कारण ‘कव्हर अजून महिनाभर चालू राहील’ असं एचआरने सांगितलं होतं. तोंडी.

एप्रिलमध्ये सासूबाईंच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरच्या मुलीने कार्डाचा नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. नवऱ्याच्या कामाच्या शेवटच्या दिवशीच आमची सगळ्यांची नावं पॉलिसीतून निघाली होती. कॅशलेस बंद, आधी डिपॉझिट भरा. अँजिओप्लास्टी झाली, सासूबाई आता हिंडूफिरू लागल्या आहेत. पण मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडावी लागली.

ही वेळ कुणावर येऊ नये, म्हणून कळकळीने सांगते.

राजीनामा देताना किंवा नोकरी गेल्याचं पत्र हाती पडताच, कव्हर नेमकं कोणत्या तारखेला संपतं ते ई-मेलवर लेखी मागा. तोंडी शब्द डेस्कवर चालत नाही.

कव्हर चालू आहे तोवरच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत ‘मायग्रेशन’साठी अर्ज करा. ग्रुप पॉलिसीत काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून वजा होतात. मध्ये खंड पडला की मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आमच्या सासूबाईंचं नेमकं तेच झालं. अर्ज मंजूर करणं कंपनीच्या हातात असतं, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

जमेल त्याने नोकरीत असतानाच स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यावी, लहान रकमेची का होईना. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे, तेवढा भार हलका झाला. अर्जात एकही आजार लपवू नका. हप्त्याची तारीखही चुकवू नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत मिळते आणि पॉलिसी सलग धरली जाते, पण त्या मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा क्लेम मिळत नाही.

सरकारी योजनांची माहितीही आधीच काढून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. मात्र हे फक्त योजनेतल्या हॉस्पिटलांतच. आम्ही धावत गाठलेलं हॉस्पिटल त्या यादीत नव्हतं. आपल्या घराजवळचं कोणतं आहे ते आजच विचारून घ्या, आणि रेशनकार्ड, आधारकार्ड एकाच पिशवीत, घरातल्या प्रत्येकाला सापडेल अशा जागी ठेवा.