विनयातील चौकशी आणि पोलीस खात्यातील चौकशी



भिक्खू चुकला तर त्याला जाब कोण विचारणार? आणि पोलीस चुकला तर? चीवर किंवा गणवेश दिसला की गप्प बसायचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. ती मोडण्यासाठी या दोन्हींकडील पद्धत आपण समजून घेऊ.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सुधम्म नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. मच्छिकासंड येथे चित्त गहपतीच्या आश्रयाने तो राही आणि विहाराच्या बांधकामाची देखरेख करी. म्हणजे तो एक अधिकारीच होता. त्याला विचारल्यावाचून चित्त कोणालाही भोजनाचे निमंत्रण देत नसे. एकदा सारिपुत्त, मोग्गल्लान आदी थेर तेथे आले. चित्ताने त्यांना आधी निमंत्रण दिले व नंतर सुधम्माला. सुधम्माला राग आला. भोजनाची तयारी पाहून तो म्हणाला, सर्व काही आहे, तिळाचे पक्वान्न तेवढे नाही. अट्ठकथा सांगते की, चित्ताच्या कुळात पूर्वी कोणी पक्वान्ने विकणारा होता. तेव्हा हा टोमणा जन्मावरून मारलेला होता!

सुधम्म स्वतःच भगवंतांकडे गेला. भगवंतांनी त्याचीच निर्भर्त्सना केली आणि संघाला पटिसारणीय कम्म करण्यास सांगितले. या कम्माची रीत अशी :

1. दोष त्याच्यासमोर मांडावा.
2. त्याला त्याची आठवण करून द्यावी.
3. कोणती आपत्ती घडली ते ठरवावे.
4. मग संघापुढे ठराव ठेवून तो तीनदा विचारावा.

आरोपीच्या गैरहजेरीत, त्याला न विचारता किंवा त्याच्या कबुलीवाचून केलेले कम्म विनयाने रद्द ठरविले आहे.

आता पोलीस खाते पाहा. संविधानाच्या कलम 311 प्रमाणे पोलीस शिपायालासुद्धा आरोप कळविल्यावाचून व बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून बडतर्फ करता येत नाही. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली असणे असे थोडे अपवाद त्यात आहेत. आरोपपत्र, साक्षीपुरावे, बचाव व निर्णय असा विभागीय चौकशीचा क्रम असतो. कलम 311 विनयातून घेतले, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ठराव, मतमोजणी, गणपूर्ती हे नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत आवर्जून सांगितले होते.

फरक कोठे आहे? पोलिसाचा निर्णय वरिष्ठ करतो, तर भिक्खूचा निर्णय समग्र संघ करतो. खात्याबाहेर दाद मागता यावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाला 2006 साली पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश द्यावा लागला. दुसरा फरक अधिक मोठा आहे. महाराष्ट्राच्या 1951 च्या पोलीस कायद्यात बडतर्फी, पदावनती, दंड, ताकीद अशा शिक्षा आहेत. पण ज्याचा अपमान झाला त्याच्या दारी जाऊन क्षमा मागण्याची शिक्षा त्यात नाही. शिपाई दंड भरतो, परंतु चौकीत जातीवरून शिवी खाल्लेला माणूस तसाच घरी परततो.

सुधम्माला मात्र मच्छिकासंडला परत जावे लागले. पहिल्या खेपेस लाजेने त्याचे तोंड उघडेना. मग संघाने सोबत एक भिक्खू दिला. सुधम्माने गृहस्थ चित्ताची क्षमा मागितली, चित्ताने ती दिली, आणि सुधम्माचे वर्तन सुधारल्यावर संघाने ते कम्म मागे घेतले.

बंधू-भगिनींनो, आपल्या विहार समितीतही खजिनदारावर हिशेबाचा आळ येतो आणि त्याला न बोलावताच ओट्यावर निकाल लागतो. यापुढे आधी आरोप लिहून त्याच्या हाती द्या व त्याचे ऐका. आळ खोटा ठरला तर ज्यांनी तो घेतला, त्यांनी खजिनदाराच्या घरी जाऊन क्षमा मागावी. आणि पोलीस चौकीत अन्याय झाला, तर तारीख, वेळ व साक्षीदार लिहून तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. गप्प बसणे म्हणजे खंती नव्हे.