डोंगरी बागांतील मलबारी चापडा

सह्याद्रीच्या दक्षिण भागात कॉफी, वेलदोडा व मिरी यांच्या बागा सदाहरित अरण्याला लागून असतात. अशा बागांत मलबारी चापडा हा वृक्षवासी विषारी साप आढळतो. तो सुमारे 600 ते 2,000 मीटर उंचीवर राहतो आणि क्वचितच एक मीटरहून लांब वाढतो. आपल्याकडे आंबोलीच्या जंगलात तो पावसाळी रात्री ओढ्याकाठच्या झुडपांवर हमखास दिसतो.

रंगावरून हा साप ओळखू जाणे फसवे होय. तो हिरवा, तपकिरी, पिवळा किंवा नारिंगीही असतो. हिरव्या चापड्याला पुष्कळजण हरणटोळ समजतात. हरणटोळाचे अंग दोरीसारखे बारीक व मुस्कट टोकदार असते. चापड्याचे डोके रुंद, त्रिकोणी व मानेपासून स्पष्ट वेगळे असते. डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. त्यायोगे सापाला काळोखातही उष्ण रक्ताच्या प्राण्याची जाणीव होते. माणसाचा हातही उष्णच असतो, हे मजुरांनी ध्यानात ठेवावे.

शेपटीने फांदीला विळखा घालून हा साप भक्ष्याची वाट पाहत तासन् तास निश्चल बसतो. माणसाची चाहूल लागली तरी तो सहसा पळत नाही. त्यामुळे पाने बाजूला सारणारा हात थेट त्याच्यावर पडण्याचा संभव असतो. झुडपात हात घालण्यापूर्वी लांब काठीने फांद्या हलवाव्यात. खुडणी करताना जाड हातमोजे घालावेत व अंधारात कंदील किंवा विजेरी जवळ बाळगावी.

उंदीर खाऊन हा साप बागेचे मोठे कल्याण करतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो बेडूक, सरडे व लहान पक्षीही खातो. तथापि त्याला मारण्याच्या खटपटीतच दंशाचा धोका अधिक असतो. म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये.

दंशाने मृत्यू क्वचितच ओढवतो, परंतु तीव्र वेदना होतात, सूज वर चढत जाते व कधी रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड होतो. येथे एक अडचण आहे. भारतात सर्वत्र मिळणारी सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांपासून तयार केलेली असते. चापड्याच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. तरीही रुग्णालयात गेलेच पाहिजे, कारण रक्ताची तपासणी व सुजेवरील देखरेख तेथेच होऊ शकते, आणि चावलेला साप चापडाच होता याची खात्री रोग्याला क्वचितच असते. सापाचे वर्णन किंवा दुरून घेतलेले छायाचित्र डॉक्टरांना दाखवावे. साप पकडून आणू नये.

अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वीच काढाव्यात. हात हलू न देता आधार द्यावा. करकचून दोरी बांधणे, जखम कापणे किंवा चोखणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. सुजलेल्या अवयवावर आवळलेली दोरी तेथील रक्तप्रवाह थांबवून मांस सडविते.